चौथऱ्याखालचा आवाज

माझ्या सासऱ्यांना त्र्याऐंशीव्या वर्षी पुन्हा तेरा वर्षांचं करायचं, असं माझ्या नवऱ्यानं एका रविवारी चहा पिता पिता जाहीर केलं. सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "का? पहिल्यांदा कमी त्रास झाला होता का?"

आम्ही ज्यू. आमच्यात मुलगा तेराचा झाला की त्याचं बार मित्स्वा होतं. सिनेगॉगच्या मध्यभागी एक लाकडी चौथरा असतो, त्यावर सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं तोराच्या गुंडाळीतला त्या आठवड्याचा भाग हिब्रूत, सुरात वाचायचा. तोवर त्याची पापं बापाच्या माथी, त्यानंतरची त्याच्या स्वतःच्या. आणि काही लोक असं धरतात की माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं, पुढचं सगळं नव्यानं मोजायचं. म्हणजे सत्तर अधिक तेरा, त्र्याऐंशीला पुन्हा एकदा बार मित्स्वा. बहुतेक लोक तिथवर पोचत नाहीत, आणि पोचले तरी आपण कुठे आलोय हे त्यांना दुसऱ्यानं सांगावं लागतं, म्हणून हा सोहळा क्वचितच होतो. आमचे बाबा मात्र टुणटुणीत होते.

बाबांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. अजूनही कुठल्या इमारतीत लिफ्टमध्ये शिरले की दार बंद होताना कान देऊन ऐकतात आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईला सांगतात, "ब्रेक गेलाय हिचा." बाई पुढच्याच मजल्यावर उतरून जिना धरते. देवाबद्दल त्यांचं मत असं, की तोही एखाद्या मोठ्या इमारतीच्या सोसायटीसारखा आहे. तक्रार लिहून घेतात, माणूस पाठवत नाहीत.

नवरा माझा शाळेत भूगोल शिकवतो आणि त्याला कुठल्याही गोष्टीचा सोहळा करायला आवडतं. शिवाय बाबांचं पहिलं बार मित्स्वा म्हणजे आमच्या घरातली दंतकथा होती. तेरा वर्षांच्या पोरानं असं काही वाचलं, की पुरुष स्तब्ध झाले, बायकांच्या बाजूला रुमाल निघाले, आणि तेव्हाचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, म्हणाले की असा आवाज या छताखाली पुन्हा घुमणार नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात मला हे तीन वेळा ऐकवलं गेलं. गोष्ट सुरू झाली की बाबा दरवेळी उठून कुठलातरी नळ नीट बंद आहे का ते बघायला जायचे. मला वाटायचं, किती हा विनय.

"तोच भाग वाचायचाय बाबा," नवरा म्हणाला. "सत्तर वर्षांपूर्वीचाच. तुम्हाला तर पाठ असेल."

"डोळे गेलेत माझे."

"परवा तुम्ही रस्त्यापलीकडच्या खांबावरची नोटीस वाचून दाखवलीत."

"गुडघे."

"खुर्ची ठेवू."

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही कवळी. बोलताना खटखट वाजते. देवाच्या घरात बरं नाही दिसणार."

इथे ते फसले, कारण कवळ्या करणं हा माझा धंदा आहे.

घरामागच्या खोलीत माझी लॅब आहे. खिडकीखाली लांब ओटा, ओट्यावर प्लास्टरचे जबडे रांगेनं मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीनं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव. कोपऱ्यात पॉलिशचं मशीन, त्यामुळे सगळ्या खोलीवर, माझ्या केसांवरसुद्धा, पांढरी पूड. मी बाबांचं माप घेतलं, साचे ओतले, आणि पुढच्या आठवड्यात मेणात बसवलेले दात तपासायला त्यांना स्टुलावर बसवलं. पक्की कवळी करण्याआधी मेणाची तोंडात घालून बघावी लागते. तेव्हाच दात हलवता येतात. 'स' नीट येतो का ते पाहायला मी सगळ्यांना आकडे म्हणायला लावते.

"सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट," बाबा म्हणाले. एकदम स्वच्छ.

"आता हिब्रू म्हणा. त्यातला तो घशातला 'ख' काढताना मागची कड टोचते का बघू."

बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"तुमच्या भागातल्या दोन ओळी म्हणा ना."

बाबा ओट्यावरच्या जबड्यांकडे बघत बसले. मग मेणाची कवळी काढून माझ्या हातात दिली आणि बोळक्या तोंडानं म्हणाले, "येत नाही मला."

"विसरलात?"

"यायचंच नाही कधी."

मी मशीन बंद केलं. बाबांनी आपली जुनी, खटखटणारी कवळी बसवली आणि सगळं सांगितलं.

लहानपणी बाबा तोतरे होते. थोडेथोडके नाही, दुकानात साखर मागायला गेले तर दुकानदार तोवर दुसऱ्या दोघांना माल देऊन मोकळा व्हायचा. लोक म्हणतात की गाताना तोतरेपणा राहत नाही. बाबांचा राहायचा. वर्षभर गुरुजींकडे शिकवणी झाली, गुरुजींचे नाकी नऊ आले, आणि बाबांची गाडी दुसऱ्या ओळीपुढे गेली नाही. आई-वडिलांनी पाहुण्यांना बोलावून ठेवलेलं. घरात रोज तोच भाग घोकला जायचा, आणि तो घरातल्या एका माणसाला मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत चालीसकट पाठ झाला होता. ती त्यांची अकरा वर्षांची बहीण. कोपऱ्यात बसून बाहुलीचे केस कापता कापता तिनं सगळं उचललं होतं.

"मग?" मी विचारलं.

"चौथऱ्याला मागून एक छोटं दार आहे," बाबा म्हणाले. "आत मोडक्या खुर्च्या ठेवतात. बुटकी पोटात दुखतंय म्हणून घरी राहिली, आणि आम्ही पोचायच्या आधी धावत जाऊन त्यात शिरली."

"आणि तुम्ही?"

"मी वर उभा राहिलो. ओठ हलवले."

मला हसावं की काय करावं कळेना. आमच्या घरातली दंतकथा म्हणजे प्लेबॅक होता. रुमाल निघाले ते मोडक्या खुर्च्यांमध्ये बसलेल्या एका पोरीसाठी.

"तुमच्या आई-वडिलांना कळलं नाही?"

"त्यांना चमत्कार वाटला. चमत्कार झाल्यावर कोणी खाली वाकून बघत नाही."

बुटकी म्हणजे आमची आत्या. आता एक्याऐंशीची. दोन चौक पलीकडे तिचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि ती अजूनही रोज काउंटरमागे उभी असते. उंची इतकी बेताची, की गिऱ्हाइकाला आधी तिचा अंबाडा दिसतो, मग आवाज येतो. पन्नास वर्षं सिगारेटी ओढून त्या आवाजाची पार वाट लागलेली; लोखंडी कपाट फरशीवरून ओढल्यासारखं वाटतं. बाबा दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन काही ना काही दुरुस्त करून यायचे. शटर, इस्त्रीचा पाइप, पाण्याची टाकी. लहानपणी तिनं फोडलेल्या काचांचा मार त्यांनी खाल्ला, वडिलांनी बांधलेली वरची खोली तिला दिली. मी आजवर समजत होते की भावाचा बहिणीवर किती जीव.

"जीव कसला," बाबा म्हणाले. "सत्तर वर्षं एकच वाक्य. 'दादा, सांगू का सगळ्यांना?'"

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा आत्याच्या दुकानात गेलो. ती एका कोटाच्या खिशातून कोणाचीतरी सिनेमाची तिकिटं काढत होती.

"हिला सांगितलंस?" बाबांचा चेहरा बघूनच तिनं विचारलं. "सत्तर वर्षं मी तोंड उघडलं नाही, आणि तू सुनेपुढे दातांसकट सगळं काढून ठेवलंस."

"बुटके, ऐक. हॉल ठरलाय. पत्रिका छापल्यात. 'पुन्हा एकदा तोच आवाज' असं लिहिलंय त्यावर."

आत्या हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि खोकला थांबेपर्यंत आम्ही प्लास्टिकमध्ये लटकलेल्या कपड्यांकडे बघत राहिलो.

"तू अजून मावशील का त्यात?" बाबांनी हळूच विचारलं.

"मावेन. बाहेर काढायला मात्र तुला चौथरा फोडावा लागेल. आणि हा आवाज वर आला तर लोकांना वाटेल तुला काहीतरी चावलंय." तिनं तिकिटं कचऱ्यात टाकली. "या वेळी तू स्वतः वाचायचंस, दादा. मी शिकवते."

"मी त्र्याऐंशीचा आहे गं."

"मग लवकर शिक."

अशी शिकवणी सुरू झाली. जेवणानंतर दुकानात गर्दी नसते, तेव्हा मागच्या खोलीत, दोन्हीकडे लोकांचे सूट टांगलेले आणि मध्ये दोन स्टुलं. आत्याच्या हातात पुस्तक नव्हतंच. होता तो लाकडी हँगर. तिला सगळं पाठ होतं. बाबा पुस्तकात बघायचे, ती छताकडे बघून ऐकायची, आणि चूक झाली की हँगर गुडघ्यावर बसायचा. मी माझी तयार कवळ्यांची डिलिव्हरी देऊन येता येता तिथे थांबायचे. म्हणायला कवळी कशी बसली ते बघायला. खरं म्हणजे ऐकायला.

त्या भागात एका भाडोत्री शाप देणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. तो गाढवीवर बसून शाप द्यायला निघतो. वाटेत तलवार घेतलेला देवदूत उभा, तो गाढवीला दिसतो, त्याला दिसत नाही. गाढवी अडते, हा तिला मारतो. तीनदा मारतो. शेवटी देव गाढवीला वाचा देतो आणि ती चक्क विचारते की मी तुझं काय बिघडवलंय.

"एवढ्या मोठ्या ग्रंथात माझ्या वाट्याला गाढवच यावं," बाबा म्हणाले.

"तुझ्या वाट्याला नाही," आत्या म्हणाली. "बोलली कोण? गाढवी बोलली. खालून. वरचा नुसता बसला होता."

अडचण अशी होती की रोजच्या बोलण्यात बाबा आता अडखळत नाहीत, पण पुस्तक समोर आलं की सत्तर वर्षांपूर्वीचा तोतरेपणा जसाच्या तसा परत यायचा. बोलण्यातला कसा गेला तेही बाबांनी सांगितलं. विशीत लिफ्टच्या कामाला लागले तेव्हा एका वयस्कर मेकॅनिकनं त्यांना सांगितलं, की अवघड शब्दाच्या आधी एक सणसणीत शिवी घाल. शिवी कधी अडकत नाही, आणि तिच्या मागोमाग शब्द आपोआप घसरत येतो. बाबांनी पाच वर्षं लिफ्टच्या बोगद्यात उभं राहून हा उपचार केला. तोतरेपणा गेला. शिव्या राहिल्या, त्या आजतागायत.

"मग आत्ताही घाला ना," मी म्हटलं.

"तोराच्या समोर?"

"मनातल्या मनात घाल," आत्या म्हणाली.

"देवाला मनातलं ऐकू येत नाही का?"

"येतं."

"मग मोठ्यानं घातली काय आणि मनात घातली काय."

आत्यानं यावर उत्तर म्हणून हँगर मारला. पण मनातली शिवी काम करेना. बाबा डोळे मिटायचे, गाल थरथरायचे, शिवी आत कुठेतरी विरून जायची, आणि शब्द तिथेच. सहा आठवड्यांत ते जेमतेम शेवटपर्यंत पोचले; पाच ठिकाणी खात्रीनं अडायचे. माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला वाटायचं बाबा बहिणीकडे इस्त्री दुरुस्त करायला जातात. तो रोज संध्याकाळी पाहुण्यांना फोन करून सांगायचा, "या नक्की, असा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही." या वाक्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले.

शनिवार उजाडला. सकाळी बाबांनी दाढी दोनदा केली. नवीन कवळी मीच बसवून दिली. प्रार्थनेची शाल खांद्यावर नीट केली.

"बाबा, नको वाटत असेल तर अजून सांगता येईल," मी म्हटलं. "पोट बिघडलं म्हणू."

"ते निमित्त आमच्या घराण्यात वापरून झालंय," ते म्हणाले आणि निघाले.

सिनेगॉग गच्च भरलं होतं. मध्ये पुरुष, डावीकडे लाकडी कठड्यामागे आम्ही बायका. मी आणि आत्या पहिल्या रांगेत. आत्याला कठड्यावरून दिसेना म्हणून मी तिच्याखाली दोन जाडजूड प्रार्थनापुस्तकं ठेवायला निघाले, तर ती म्हणाली, "पुस्तकांवर बसायचं नसतं. तुझी पर्स दे." बसली माझ्या पर्सवर.

नवा हज्जान तरुण आहे, पस्तिशीचा, मऊ बोलणारा. त्यानं बाबांना नावानं पुकारलं. बाबा तीन पायऱ्या चढून चौथऱ्यावर गेले. गुंडाळी उघडली होती, ओळीवर ठेवायची चांदीची काडी हातात दिली. सुरुवातीचा आशीर्वाद म्हटला, आणि वाचन सुरू झालं.

पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. सूर अधूनमधून घसरत होता, पण लोक म्हाताऱ्या माणसाला सूर माफ करतात. नवरा पुरुषांच्या बाजूला मान डोलवत होता. मग गाढवीला देवदूत दिसतो तिथे बाबा अडले.

पहिलं अक्षर आलं. पुन्हा आलं. पुन्हा तेच. मग तेही बंद. बाबांची मान पाठीमागून दिसत होती, ती लाल होत गेली. आत्यानं माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बोटांत मुंग्या आल्या. मग तिनं शब्द टाकला. हळू टाकायचा होता तिला, पण त्या आवाजाला हळू येत नाही. शब्द सगळ्या छताला लागून आला. बाबांनी तो पकडला आणि पुढे निघाले. तीन शब्द गेले आणि परत अडले. आत्यानं परत टाकला.

तिसऱ्या वेळी सिनेगॉगचे अध्यक्ष उठले. अध्यक्षांचं बुटांचं दुकान आहे, आणि माणसाशी बोलताना ते आधी त्याच्या पायांकडे बघतात. "बायकांच्या बाजूनं कोणी बोलू नये," ते म्हणाले. "वाचताना चूक झाली तर सांगायला इथे माणसं नेमलेली आहेत."

बाबा वळले. "बोलू द्या तिला," ते म्हणाले. एकही अक्षर अडलं नाही. "सत्तर वर्षांपूर्वी सगळं तिनंच म्हटलं होतं. या चौथऱ्याखाली बसून. मी नुसते ओठ हलवले होते. मी तेव्हा वाचलंच नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर असा भाव होता, की जणू कोणी त्याला सांगितलंय की नकाशावरचा एक समुद्र प्रत्यक्षात नाही.

पुढच्या बाकावरून एक कापरा आवाज आला. ते घड्याळजी होते, एक्याण्णव वर्षांचे, गावातली निम्मी घड्याळं त्यांच्या हाताखालून गेलेली. "लाल मोजा होता," ते म्हणाले.

"काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"दार नीट लागलं नव्हतं. पाय बाहेर होता पोरीचा. लाल मोजा."

"हो, हो," मागून दुसरे एक आजोबा म्हणाले. "माझ्या वडिलांनी मला दाखवला होता. म्हणाले, बघ, पण बोलू नकोस, पोरगा बिचारा तोतरा आहे."

"आमच्या आईनंही पाहिला होता," बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रुमाल निघाले होते ते हसू दाबायला की रडू पुसायला, हे आता कोणाला विचारणार? सत्तर वर्षं सगळ्या गावानं बाबांना सांभाळून घेतलं होतं, आणि सत्तर वर्षं बाबा एकट्या आत्याच्या मुठीत राहिले होते.

आत्या पर्सवरून उठली. "मोजा मरून रंगाचा होता," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. आयुष्यभर जपलेलं गुपित मुळात गुपितच नव्हतं, हे पचवायला एक्याऐंशीव्या वर्षी वेळ लागतो.

अध्यक्षांनी हज्जानकडे पाहिलं. "मग यांचं ते पहिलं झालं म्हणायचं की नाही? तेच झालं नसेल तर हे दुसरं कसं करायचं?"

हज्जानानं दाढीवरून हात फिरवला. "झालं होतं," तो म्हणाला. "तेरा पूर्ण झाले की मुलगा आपोआप मोठा होतो. वाचन आनंदासाठी असतं. वाचलं नाही म्हणून काही अडत नाही."

बाबांनी काडी खाली ठेवली. "म्हणजे त्या दिवशी मी घरी झोपून राहिलो असतो तरी चाललं असतं?"

"नियमाप्रमाणे, हो."

बाबांनी कठड्याकडे पाहिलं. "ऐकलंस का गं, बुटके?"

"मला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"कधीपासून?"

"या हज्जानाच्या आधीचे जे होते, त्यांच्याही आधीचे. त्यांना विचारलं होतं मी. चाळीसेक वर्षं झाली असतील. तेव्हा माझ्या शटरचं काम निघालं होतं, म्हणून म्हटलं नंतर सांगू."

तेव्हा बाबांनी शिवी दिली. ती इथे लिहिता येणार नाही. ती एका शब्दाची नव्हती. लिफ्टच्या बोगद्यात, साताठ मजल्यांच्या अंधारात घडवलेली, बिजागऱ्या आणि दोरखंड असलेली शिवी होती, आणि ती नवीन कवळीतून काचेसारखी स्वच्छ बाहेर पडली. अध्यक्ष खाली बसले. हज्जान खिडकीकडे बघायला लागला. आणि त्या शिवीच्या मागोमाग, श्वाससुद्धा न घेता, बाबा वाचायला लागले. अडलेला शब्द आला, त्याच्या मागचा आला, गाढवीला वाचा फुटली, तिनं आपलं गाऱ्हाणं मांडलं, मालकाची बोबडी वळली. त्या पाचांपैकी उरलेल्या एकाही ठिकाणी बाबा थांबले नाहीत. सूर चांगला नव्हताच. रागात होते, त्यामुळे काही ओळी भांडल्यासारख्या गेल्या, पण तिथे गाढवीचं भांडणच चालू होतं, त्यामुळे शोभून गेलं. शेवटचं अक्षर संपलं तेव्हा ते घामानं निथळत होते.

वाचन झालं की मुलावर गोळ्या-चॉकलेटं उधळतात, गोड आयुष्याची खूण म्हणून. लोकांनी ती त्र्याऐंशीच्या माणसावर अशी काही फेकली की जणू सत्तर वर्षांची थकबाकी होती. आत्याची एक लिमलेटची गोळी नेम धरून कपाळावर बसली.

जेवण शेजारच्या हॉलमध्ये होतं. दारात 'पुन्हा एकदा तोच आवाज' अशी पाटी लावलेली होती, ती नवऱ्यानं स्वतःच काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"सहा आठवडे."

"आणि मी पन्नास वर्षं लोकांना सांगत फिरलोय."

"तुझं काय चुकलं? आवाज होताच. माणूस फक्त दुसरा होता."

तो थोडा वेळ रुसून बसला, मग केक कापायची वेळ झाली तेव्हा विसरला.

आत्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटीच बसली होती. बाबा आपली प्लेट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. मीही गेले, कारण भांडण झालं तर जवळ असावं. पण भांडण झालं नाही. दोघं जेवायला लागले.

मग बाबा म्हणाले, "म्हण ना एकदा."

"काय म्हणू?"

"तेच. सगळं."

"इथे? जेवणात?"

"मी ते ऐकलंच नाहीये, बुटके. त्या दिवशी माझे कान बंद झाले होते भीतीनं. खालून काहीतरी येतंय एवढंच कळत होतं. ओठ कधी थांबवायचे तेसुद्धा तू फळीला खालून ठोकलंस म्हणून कळलं. सगळे म्हणतात फार सुंदर होतं. मला काय माहीत?"

"मग आठवडेच्या आठवडे दुकानात काय ऐकत होतास?"

"तू एकेक शब्द सांगायचीस आणि हँगर मारायचीस. सलग कुठे म्हटलंस?"

आत्यानं पाणी पिऊन घेतलं. हातरुमालानं तोंड पुसलं, आणि बसल्या जागी सुरू केलं. आवाज फाटलेला, वरच्या पट्टीत जागाच नाही. जिथे चाल वर जायची तिथे ती नुसता श्वास सोडायची आणि पुन्हा खाली येऊन ओळ पकडायची. पण चाल होती. प्रत्येक वळण होतं. जवळच्या टेबलांवरचे लोक गप्प झाले, लांबचे बोलत राहिले, कोणाच्यातरी पोरानं ग्लास पाडला. घड्याळजी बसल्या बसल्या झोपले होते. बाबा काटा हातात धरून, मान खाली घालून ऐकत होते. ती शेवटपर्यंत गेली. मग खोकल्याची उबळ आली आणि बाबांनी आपला ग्लास तिच्याकडे सरकवला.

"कसं होतं?" खोकला थांबल्यावर तिनं विचारलं.

"गाढवी जरा घाईत वाटली."

"तिला तीनदा मारलं होतं, दादा. तू असतास तर?"

"मी असतो तर पहिल्याच फटक्याला बोललो असतो," ते म्हणाले, आणि तिच्या प्लेटमधला केकचा तुकडा उचलून त्यांनी तोंडात टाकला.